फ्लेक्सवरची उभी रेघ

शैक्षणिक नेतृत्व या विषयात मी इंग्लंडातून पदव्युत्तर पदवी घेऊन आले आहे. म्हणजे शाळेत राहून मुलांपासून किती लांब बसायचं, हे मला आता शास्त्रशुद्ध येतं. आमच्याकडे याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. तिकडे त्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि शेवटी काळा झगा घालून फोटो आहे.

जिंतूरच्या एका खासगी शाळेत मी गणित शिकवते. आठवी ते दहावी, मराठी माध्यम, निम्मी मुलं गावातली आणि निम्मी आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येणारी. आमच्या शाळेची रीत अशी, की आठवीला ज्याच्या हाती तुकडी दिली त्यानंच ती दहावीपर्यंत न्यायची. रीत चांगली आहे. निकाल वाईट लागला की ढकलायला मागचा मास्तर उरत नाही.

माझी एक खोड आहे. रोज फळ्यावर एक चूक मी मुद्दाम करते. चिन्ह फिरवते, कंस विसरते, ताळा बघताना भलताच आकडा मांडते. आमची मुलं फळा उतरवून घेण्यात पटाईत असतात. मान खाली, पेन चालू, डोकं बंद. फळ्यावर शिपायाचं नाव लिहिलं तरी उत्तर म्हणून तेही उतरवतील. म्हणून मी नियम केला होता, की ज्याला चूक दिसेल त्यानं उठायचं, फळ्यापाशी यायचं आणि आपल्या हातानं दुरुस्त करायची. विचारत बसायचं नाही. विचारेपर्यंत ती चूक सगळ्यांच्या वहीत जाऊन बसते.

त्या तुकडीत खिडकीपाशी बसणारी एक मुलगी होती. येलदरीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून यायची. आवाज खणखणीत, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. माझा खडू फळ्यावरून उचलला जायच्या आत तिचं "बाई, चुकलं" यायचं. कधीकधी मी खरंच चुकलेली असायचे. तेही तिला कळायचं, आणि तिला कळलंय हे मला कळायचं. अशा वेळी दुरुस्ती करून जागेवर परत जाताना ती जरा जास्त सावकाश चालायची. मी बघून न बघितल्यासारखं करायचे.

तुकडी नववीत गेली आणि मला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. अर्ज मी अगदी खऱ्या मनानं केला होता. शाळा चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे जगात कुठेतरी शिकवत असतील, असं मला वाटे. मी ज्या मुख्याध्यापकांच्या हाताखाली काम केलं ते सगळे निवृत्तीची वाट बघत खुर्चीत बसलेले होते. गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं ना गाडी आपणच ओढतोय, तसे. मला वाटलं, तिकडे जाऊन खरी गाडी ओढायला शिकून येऊ.

निघायच्या आधी शेवटचा तास घेतला तेव्हा खिडकीपाशीची उभी राहिली.

"बाई, दहावीला तुमी येताल ना?"

"येते."

"नक्की? का तिकडंच ऱ्हाताल?"

"नक्की येते. दहावी मीच घेणार."

ती खाली बसली आणि पुढचं उदाहरण उतरवू लागली. पण सबंध वर्गासमोर दिलेला शब्द होता तो, आणि मी तो माझ्या सामानात सगळ्यात वर ठेवला होता.

विद्यापीठाचं गाव लंडनपासून बरंच वर होतं. लंडन मी फक्त विमानाच्या खिडकीतून पाहिलं, तेही ढगांसकट. वर्गात आम्ही वीसेक जण, त्यात इंग्लंडातले दोन. बाकी सगळे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी. हा शब्द तिकडे फार प्रेमानं उच्चारतात. आमच्याकडे लग्नात 'मुंबईचे पाहुणे' म्हणतात ना, त्याच प्रेमानं. त्यांना पुढे बसवायचं, चहा विचारायचा आणि ते काय बोलतात ते ऐकायचं नाही.

पहिल्याच दिवशी आम्हाला पिवळ्या चिकट चिठ्ठ्या वाटल्या. नेता म्हणजे काय, ते एका शब्दात लिहून खिडकीच्या काचेवर चिकटवायचं होतं. चांगली मोठी मोठी माणसं, कुणी आपल्या देशात शाळा चालवणारी, कुणी मंत्रालयातून पाठवलेली, रांगेनं उठली आणि काचेला चिठ्ठ्या लावून आली. दूरदृष्टी, सहानुभूती, बदल, दूरदृष्टी, पुन्हा दूरदृष्टी. दुसऱ्या दिवशी सफाईवाल्यांनी त्या काढून टाकल्या. पुढच्या तासाला नव्या चिठ्ठ्या. वर्षभर आम्ही ती काच अशी लिंपत होतो. लहानपणी आम्ही भिंतीला गोवऱ्या थापायचो, पण त्याचं निदान जळण तरी व्हायचं.

आमचे प्राध्यापक सज्जन गृहस्थ होते. शाळेत ते शेवटचे गेले होते ते विद्यार्थी म्हणून. दर तासाला ते एकदा तरी आमच्याकडे वळून मृदू आवाजात विचारायचे, "आणि तुमच्या संदर्भात हे कसं असतं?" मग चीनहून आलेल्या मुलीनं सगळ्या चीनबद्दल सांगायचं आणि मी सगळ्या भारताबद्दल. मला काय ठाऊक सगळ्या भारताचं? मी आपलं जिंतूरचं सांगायचे. वर्ग गंभीरपणे मान डोलवायचा. हळूहळू त्या वर्गापुरतं पक्कंच होऊन गेलं, की काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कापूस वेचणीच्या दिवसांत पोरी शाळेत येत नाहीत.

एकदा मी माझी मुद्दाम चुकायची खोड सांगितली. प्राध्यापक एकदम खुलले. म्हणाले, याला नाव द्यायला हवं. आणि तिथल्या तिथे त्यांनी तीन लांबलचक शब्दांचं एक नाव देऊनही टाकलं. मला बरं वाटलं. माणूस हुरळतोच. मी माझा पहिला निबंध त्यावरच लिहिला. निबंध परत आला तेव्हा समासात लिहिलेलं होतं, याला संदर्भ कुठला? मी त्यांना जाऊन सांगितलं, संदर्भ जिंतूर, इयत्ता आठवी. ते हसले आणि म्हणाले, छापील संदर्भ लागतो. गुण कापले ते कापलेच. पुढच्या सत्रात त्यांच्या व्याख्यानाच्या पडद्यावर माझी खोड त्या लांब नावानिशी झळकली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, एका आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनीचा दृष्टिकोन. मग मी माझ्या पुढच्या निबंधात तीच खोड पुन्हा लिहिली आणि संदर्भ म्हणून त्यांच्या व्याख्यानाचं नाव दिलं. या वेळी गुण मिळाले.

शिक्षणावर एक सबंध वर्ष घालवलं, पण त्या वर्षात शाळेतली मुलं पाहिली ती बसच्या खिडकीतून. एकदा आम्हाला शाळा दाखवायला नेलं. सह्या केल्या, गळ्यात पट्टे अडकवले आणि सरळ मुख्याध्यापिकेच्या खोलीत. तिथली एक भिंत लाल, पिवळ्या आणि हिरव्या चौकोनांनी भरली होती. प्रत्येक चौकोन म्हणजे एक मूल. लाल मूल म्हणजे मागे पडलेलं, हिरवं म्हणजे ठीक. मी विचारलं, यातल्या एखाद्या लाल चौकोनाला भेटता येईल का? बाहेरच्या माणसांना मुलांना भेटता येत नाही, असं सांगण्यात आलं. मुलांच्या सुरक्षेसाठी नियम होता, त्याला मी नावं ठेवत नाही. पण आम्ही सगळे भावी शैक्षणिक नेते त्या भिंतीसमोर उभे राहून चौकोनांचे फोटो काढत होतो, ते दृश्य पाहून मला आमच्या फळा उतरवून घेणाऱ्या पोरांची आठवण झाली. मान वर होती एवढाच फरक.

ग्रंथालयाला मात्र नावं ठेवणार नाही. तिथे बसून मी खूप वाचलं आणि त्यातली काही पुस्तकं खरोखर शहाणी होती. ती सगळी शेवटी एकच सांगत होती, शाळेत फरक पडतो तो वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसानं. एवढं वाचून आम्ही पुन्हा काचेला चिठ्ठ्या लावायला जायचो.

माझं त्यातल्या त्यात जमलं ते नायजेरियाच्या एका बाईंशी. तिकडे एका शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या आणि लेकीला बरोबर घेऊन आल्या होत्या. लेकीचं अपूर्णांकांशी वैर होतं. आमचं स्वयंपाकघर सामायिक, मी घरून नेलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापायचे. एका संध्याकाळी मी तिच्यासमोर भाकरी मोडून पाव आणि निम्मं करून दाखवलं, आणि पाव अधिक पाव बरोबर एक अष्टमांश, असं ठासून सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं दोन्ही तुकडे जोडून माझ्या नाकासमोर धरले. वर्षभरातला माझा तेवढाच एक तास. तिच्या आई ओट्याला टेकून हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तुझ्यावर लक्ष ठेवायला हवं. आमच्याकडे चांगली मास्तरीण सापडली की आधी तिला खुर्ची देतात. मग ती मुलांना सापडत नाही." मी हसले. मला ते त्यांच्या देशाचं वाटलं.

शेवटच्या तासाला प्राध्यापकांनी प्रत्येकाला विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? कुणी मंत्रालयात, कुणी सल्लागार, कुणी सात शाळांचा संचालक. नायजेरियाच्या बाई म्हणाल्या, झोपेत. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, पाच वर्षांचं माहीत नाही, पण येत्या महिन्यात दहावीच्या वर्गावर. प्राध्यापक फार हळुवार हसले. म्हणाले, ही नम्रता छान आहे, पण मोठा विचार करा. त्या माणसावर मी वर्षभर चिडले नव्हते एवढी त्या एका वाक्यावर चिडले. दहावीच्या वर्गापेक्षा मोठं काय असतं, ते त्यांनी सांगितलं असतं तर मी ऐकायला तयार होते.

सप्टेंबरात परत आले. एसटी स्टँडवर उतरते तो समोर मीच. म्हणजे माझा फ्लेक्स. वर आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा फेट्यातला फोटो, खाली त्याच्या निम्म्या आकाराची मी. अध्यक्षांचं कापसाचं जिनिंग आहे, शाळा त्यांच्या वडिलांनी काढलेली. गाव त्यांना दादा म्हणतं. झगा घालायचा समारंभ तिकडे व्हायचाच होता, तेव्हा माझा झग्यातला फोटो मिळणं शक्य नव्हतं. फ्लेक्सवाल्यानं कुणाच्या तरी झग्यावर माझं डोकं बसवलं होतं. त्या झग्यातून बाहेर आलेले हात गोरेपान होते आणि एका मनगटावर पुरुषी घड्याळ होतं. खाली लिहिलं होतं, लंडन गाजवून आलेल्या आमच्या बाईंचे हार्दिक अभिनंदन.

सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा, आणि अडीच तास भाषणं. माझा फेटा कपाळावरून डोळ्यांवर उतरत होता आणि मी व्यासपीठावरून दहावीची तुकडी शोधत होते. ती मागे सतरंजीवर बसली होती. खिडकीपाशीची दिसली. तिनं हात केला नाही, पण बघत होती. शेवटी अध्यक्ष उठले आणि त्यांनी जाहीर केलं, की आजपासून मी संस्थेची शैक्षणिक संचालिका. टाळ्या पडल्या. मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे सत्काराला आलेल्या माणसाला विचारायची पद्धत नाही. त्याला फक्त गुंडाळायची पद्धत आहे.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रक बघितलं तर त्यात माझं नावच नव्हतं. दहावीचं गणित तासिका तत्त्वावरच्या एका नव्या शिक्षकाकडे. माणूस गरीब होता, गाइड समोर धरून इमानानं शिकवायचा. मी अध्यक्षांकडे गेले आणि म्हणाले, दादा, दहावी माझी आहे.

"बाई, तुमी आता वर्गावर जायचं न्हाई," ते म्हणाले. "खडू धरायचा न्हाई."

"का?"

"लोकं काय म्हनतील? तिकडं जाऊन शिकून आल्या, अन् आल्या तशा खडूच घासायल्यात. मग कशाला धाडलं व्हतं? तुमची इज्जत ती संस्थेची इज्जत."

मला धाडलं होतं सरकारनं, पण तो मुद्दा गौण होता. मुद्दा असा, की हा माणूस माझा खरोखर मान राखत होता. मी चांगली शिकवते हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं मला शिकवण्यातून काढलं. आमच्याकडे बैल चांगला चालतो म्हणून त्याला गोठ्यात बांधून पुजत नाहीत. मास्तराला मात्र पुजतात. इंग्लंडातला तो सज्जन आणि जिंतूरचे हे दादा एकमेकांना जन्मात भेटले नसते, पण शिक्षणाबद्दल त्यांचं एकमत होतं.

मला केबिन मिळाली. एसी, फिरती खुर्ची, दाराबाहेर शिपाई. काम असं, की पाहुणे आले की मी दिसायचं. दिवसभर मी फिरत्या खुर्चीत बसून खालच्या वर्गातून येणारा गाइडचा आवाज ऐकायचे. एकदा दाराबाहेर खिडकीपाशीचीचा आवाज आला. तिला कुठलंसं उदाहरण विचारायचं होतं. शिपाई म्हणाला, "मॅडम कामात हायेत, वर्गात जा." मी धावत दाराशी गेले तोवर ती जिना उतरून गेली होती. मी कामात नव्हते. मी खुर्ची डावीकडे फिरवत होते. त्या दिवशी मला स्वतःची चीड आली.

दिवाळीनंतर मी शेवटी माझ्या पदवीचा उपयोग केला. तिकडे एक गोष्ट मी नक्की शिकले होते. कशालाही लांब नाव दिलं की ते पुढे सरकतं. मी अध्यक्षांना म्हणाले, दादा, तिकडे सध्या एक नवीन निघालंय, डेमॉन्स्ट्रेटिव्ह लीडरशिप. संचालकानं स्वतः एका वर्गावर प्रात्यक्षिक द्यायचं. हे नाव मी त्यांच्या ऑफिसचा जिना चढता चढता बनवलं होतं.

त्यांनी ते नाव दोनदा तोंडात घोळवलं. "हे जिल्ह्यात कुनाकडं हाय का?"

"कुणाकडंच नाही."

"मग करू. दहावीवर करा. लोकं बोलवतो."

लोकं कशाला, असं मी म्हणेपर्यंत फोन लागले होते. प्रात्यक्षिकाच्या दिवशी वर्गाच्या मागच्या बाजूला गाद्यांच्या खुर्च्या मांडल्या. दुसऱ्या संस्थांचे अध्यक्ष, दोनचार सदस्य आणि फोटोग्राफर. मुलांकडून सकाळपासून घोकवून घेतलं होतं. मी आत गेले तशी सगळी एकसाथ उठली आणि एका सुरात म्हणाली, "गुड मॉर्निंग मॅडम." माझ्याच तुकडीनं मला मॅडम म्हटलं. तरी खडू हातात होता. सव्वा वर्षानं.

वर्गसमीकरण घेतलं. सोडवलं. शेवटी ताळा बघताना फळ्यावर ठसठशीत लिहिलं, वजा तीन गुणिले वजा चार बरोबर वजा बारा. वजा गुणिले वजा अधिक होतं हे ही तुकडी आठवीत शिकली होती, माझ्याकडेच. मी फळ्यापासून बाजूला झाले आणि थांबले.

पेनं चालू होती. सगळ्या माना खाली. खिडकीपाशीचीचं पेन मात्र थांबलेलं मी पाहिलं. तिला दिसलं होतं. तिनं वर बघितलं, मागच्या खुर्च्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि मान खाली घालून तिनं वजा बारा उतरवून घेतलं. मी तोंड उघडायच्या आत अध्यक्ष उठून टाळ्या वाजवू लागले. फोटोग्राफर पुढे आला. मला फळ्याशी उभं केलं, अध्यक्ष शेजारी, पाहुणे दोन्ही अंगांना. मग सगळ्यांना नाश्त्याला नेलं. शब्द दिला तो हाच का, असं वाटत राहिलं. दहावीवर मी आले होते खरी, पण ज्या बाईंनी येते म्हटलं होतं त्या काही आल्या नव्हत्या.

आठवडाभरात नवा फ्लेक्स लागला. एसटी स्टँडबाहेरच्या कठड्याला, कमरेच्या उंचीवर बांधलेला. फळा, मी, पाहुणे आणि अध्यक्ष. वजा बारा नेमकं अध्यक्षांच्या फेट्याच्या तुऱ्याला लागून आलं होतं, हाताच्या पंजाएवढं. शेजारून सगळं गाव जात होतं. कॉलेजचे प्राध्यापक, बँकेतले साहेब, आमच्याच शाळेचे शिक्षक. व्हॉट्सअॅपवर त्या फोटोला हात जोडलेली चित्रं आणि फुलांचे गुच्छ येत होते. विज्ञानाच्या एका सरांनी लिहिलं, दर्जेदार अध्यापन. मी कुणाला काही बोलले नाही. मला बघायचं होतं. फळाच होता तो, फक्त मोठा.

मग एका सकाळी शिपाई पळत आला. दादांनी बोलावलं होतं. फ्लेक्सवर कुणीतरी जाड काळ्या मार्करनं रेघ मारली होती. बाराच्या आधीच्या वजावर एक उभी रेघ. वजाचं अधिक झालं होतं. रेघ जरा लांब ओढली गेल्यानं तुऱ्याच्या टोकालाही लागली होती. अध्यक्षांना तेवढीच दिसली.

"चहावाल्यानं बघितलंय," ते म्हणाले. "आपल्या युनिफॉर्मातल्या पोरी व्हत्या. हुडका, अन् दाखला हातात द्या. दहावी असू द्या न्हाई तर काय असू द्या. माझ्या तोंडावर रेघ मारायली पोरगी, म्हंजे उद्या काय करंल?"

मी सरळ दहावीच्या वर्गात गेले. गाइडवाल्या सरांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं आणि विचारलं, फ्लेक्सवर रेघ कुणी मारली?

खिडकीपाशीची उठली. "मी मारली, बाई."

मॅडम नाही, बाई म्हणाली.

"त्या दिवशी वर्गात का नाही उठलीस?"

"तवा पावणे बसले व्हते. तुमची बेइज्जती झाली असती."

"आणि स्टँडवर?"

"आमी गाडीची वाट बघत रोज तिथंच बसतो. रोज बघायलो व्हतो, कुनी दुरुस्त करतंय का. कुनीच करंना. सगळं गाव वाचायलंय, बाई. चूक तशीच ठिवली तर जास्त बेइज्जती." मग म्हणाली, "तुमीच म्हनला व्हता, इचारायचं न्हाई."

मी तिला खाली बस म्हणाले आणि अध्यक्षांकडे परत गेले.

"रेघ मी मारायला सांगितली होती," मी म्हणाले. "माझा नियम आहे तसा. आणि फळ्यावरची चूकही माझीच. मुद्दाम केलेली."

त्यांना हे समजायला वेळ लागला. फ्लेक्सचा राग एकदम मागे पडला. ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी त्यांच्या जिनिंगमध्ये काडी ओढली होती.

"म्हंजे एवढं शिकून येऊन तुमी चुकीचं लिवलं? मुद्दाम? पावण्यांम्होरं?"

"हो."

"अन् ते आमी छापलं?"

"हो. गावात कुणाला कळलं नाही, दादा. एका पोरीला कळलं. तिला दाखला द्यायचा असेल तर का दिला, ते आधी छापावं लागेल."

ते बराच वेळ टेबलावरचं काचेचं पेपरवेट फिरवत बसले. मग त्यांनी मला शिक्षा सुनावली. आवाज असा, की समोरचा माणूस आता गयावया करील अशी त्यांची खात्री असावी.

"लय झालं संचालक. उद्यापासनं तुमी आपल्या वर्गावर जा. दहावी घ्या, नववी घ्या, सगळे तास घ्या. तुमाला खुर्सी पचना, बाई."

मी मान खाली घातली. वर ठेवली असती तर चेहऱ्यावरचं दिसलं असतं.

केबिनमध्ये आता अध्यक्षांच्या सूनबाई बसतात. त्यांनी नेतृत्वाचा एक आठवड्याचा ऑनलाइन कोर्स केला आहे आणि माझ्या मते त्यांचं काही अडत नाही. फ्लेक्स उतरला. गावात बातमी पसरली, की बाईंना लंडन झेपलं नाही, परत खडूवर आणलं. शेजारणी हळहळल्या. विज्ञानाच्या सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवायचा बाकी ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी दहावीवर गेले. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती, निम्मं बीजगणित गाइडच्या पानांत अडकून पडलं होतं, आणि वेचणीसाठी चार बाकं रिकामी होती. मागे खुर्च्या नव्हत्या. गुड मॉर्निंग कुणी म्हटलं नाही. मी खडू घेतला आणि पहिलं उदाहरण लिहायला लागले. चूक कुठे करायची ते मनात धरलं होतं, शेवटच्या ओळीत. तिसऱ्याच ओळीला मागून आवाज आला.

"बाई, चुकलं."

मी फळ्याकडे बघितलं. खरंच चुकलं होतं. नेतृत्व करता करता माझ्या हाताची सवय गेली होती. खिडकीपाशीची तोवर फळ्यापाशी आली होती. तिनं माझ्या हातातून खडू घेतला, कंसाबाहेरचं चिन्ह बदललं, खडू परत माझ्या हातात ठेवला. आणि जागेवर जाताना ती जरा जास्त सावकाश चालली.